सायलेन्सर का सडतो?

पावसाळ्यात विळा अंगणात विसरला, तर दोन दिवसांत त्यावर तांबूस पूड धरते. कोयत्याचे तेच, कुदळीचे तेच. तवा ओला ठेवला तर त्याचेही तेच. त्याला आपण गंज म्हणतो. कुणी तांब म्हणतात. नाव काहीही म्हणा, तो लोखंड खातो हे खरे.

आता गावोगाव मोटारसायकली आहेत. ट्रॅक्टर आहेत, जीपगाड्या आहेत. त्यांनाही गंज सोडत नाही. आणि गाडीचा लवकर सडणारा भाग कोणता, असे फिटरला विचारून पाहा. तो खाली वाकेल आणि धूर नेणाऱ्या नळीकडे बोट दाखवील.

ही नळी सडली की आपण म्हणतो, "चालायचंच, आवाज जरा मोठा येतो एवढंच." पण तेवढेच नाही. त्यात पैसा जातो. कधी खळे पेटते. कधी माणूसही दगावतो. म्हणून ही गोष्ट आज नीट समजून घेऊ.

नळीचे काम काय?

इंजिनात तेल जळते. पेट्रोल असो, डिझेल असो. जळले की धूर होतो. हा धूर फार तापलेला असतो. तो बाहेर नेणारी जी पहिली नळी इंजिनाला जोडलेली असते, तिला मॅनिफोल्ड म्हणतात. ट्रॅक्टरचे मॅनिफोल्ड बहुधा बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे असते. ते जाड असते. मोटारसायकलची पहिली नळी वाकवलेल्या पाइपाची असते. तिला फिटर बेंड पाइप म्हणतात. पुढे येतो सायलेन्सर. तो आवाज कमी करतो. शेवटी धूर मोकळ्या हवेत जातो.

आपल्या घरी चुलीवर धुराडे असते, तसेच हे इंजिनाचे धुराडे समजा. फरक एवढाच की, इंजिनाचे धुराडे लोखंडाचे आणि पातळ पत्र्याचे असते. म्हणून त्याला गंजाचे भय जास्त.

गंज चढतो कसा?

गंजाला तीन गोष्टी लागतात. लोखंड, हवा आणि पाणी. हवेत प्राणवायू असतो. तो पाण्याच्या मदतीने लोखंडाशी मिळतो. त्या मिळण्यातून जी तांबूस पूड होते, तोच गंज.

तिघांतला एक जरी बाजूला काढला, तरी गंज थांबतो. विळ्याला तेलाचा हात फिरवतात तो याचसाठी. तेलामुळे पाणी आणि हवा लोखंडाला शिवत नाहीत.

यात चौथी एक वस्तू मिसळली की गंज दुप्पट जोराने पळतो. ती वस्तू म्हणजे मीठ. कोकणात, गोव्यात समुद्राकाठी खारा वारा असतो. तिथे पत्रे लवकर सडतात हे तिथल्या लोकांना सांगायला नको. पण देशावरच्या शेतकऱ्याने निर्धास्त राहू नये. आपण शेतात टाकतो ती पुष्कळशी खतेही एक प्रकारचे क्षारच आहेत. पोटॅश, अमोनियम सल्फेट ही खते पत्र्यावर सांडून ओली झाली की लोखंड खातात. खताची पोती वाहिलेला ट्रॅक्टर तसाच उभा ठेवला, तर समुद्राकाठी न जाताही तो गंजतो.

गंजाची आणखी एक खोड आहे. तो अंगाला धरून राहत नाही. त्याची खपली पडते. खपली पडली की खालचे नवे लोखंड उघडे होते. मग तेही गंजते. असे करता करता आरपार भोक पडते.

आतले पाणी कुठून येते?

बाहेरून पाऊस पडतो, चिखल उडतो, हे आपण पाहतो. पण ही नळी आतूनही सडते. आत पाणी गेले कसे?

कुणी म्हणेल, "पेट्रोलमध्ये पाणी मिसळलं असेल." तसे नव्हे. पेट्रोल अगदी शुद्ध असले तरी ते जळताना पाणी तयार होते. पेट्रोलमध्ये हायड्रोजन असतो. तो हवेतल्या प्राणवायूशी मिळतो आणि त्याचे पाणी होते. किती होते? १ लिटर पेट्रोल जळले, की सुमारे १ लिटर पाणी तयार होते. डिझेलचेही जवळपास तसेच. ऐकून नवल वाटेल, पण गोष्ट खरी आहे.

मग ते पाणी दिसत का नाही? कारण धूर तापलेला असतो. पाण्याची वाफ होऊन ती धुराबरोबर निघून जाते. पण थंडीच्या दिवसांत सकाळी गाडी चालू करून पाहा. मागून पांढरी वाफ येते. सायलेन्सरच्या तोंडातून थेंब पडतात. हेच ते पाणी. नळी थंड असल्यामुळे वाफेचे पुन्हा पाणी झाले.

आता एक माणूस रोज फक्त अर्धा किलोमीटर गाडी नेतो. दळण आणतो आणि गाडी उभी करतो. नळी पुरती तापतच नाही. आतले पाणी आतच राहते. धुरातल्या इतर वायूंमुळे त्या पाण्याला आंबटपणा येतो. आंबट पाणी लोखंडाला जास्त खाते. त्याच्या शेजारचा दुसरा माणूस रोज वीस किलोमीटर जातो. त्याची नळी चांगली तापते आणि आतून वाळून कोरडी होते. दोघांच्या गाड्या एकाच दिवशी घेतलेल्या असल्या, तरी कमी चालणाऱ्या गाडीचा सायलेन्सर आतून आधी सडू शकतो.

नेहमीचे उपाय इथे का चालत नाहीत?

"मग रंग लावला म्हणजे झालं!" असे वाटते. दाराच्या कड्यांना लावतो तो ऑइल पेंट चालेल का? नाही चालत. हा रंग साधारण २०० अंशांच्या आसपासच करपतो. पाणी उकळते ते १०० अंशांवर. इंजिनाजवळची नळी तर कित्येक शे अंश तापते. जड ओझे ओढताना मॅनिफोल्ड कधी कधी लाल होते. तिथे साध्या रंगाचा काय टिकाव लागणार? तो जळतो, घाण वास येतो आणि त्याची पापडी पडते. तेल लावले तर तेही जळून जाते.

कल्हईचे उदाहरण घ्या. पितळेच्या पातेल्याला कल्हई करतात. कल्हई म्हणजे कथील. ते रिकामे पातेले जाळावर ठेवले तर कल्हई वितळते. कथील २३२ अंशांवर वितळते म्हणून तसे होते. जस्ताचेही तसेच आहे. घरावरच्या पत्र्याला जस्ताचा मुलामा असतो. पावसात तो उत्तम काम देतो. पण जस्त ४१९ अंशांवर वितळते. त्याच्या बरेच आधी, साधारण २०० अंशांच्या वर सतत तापले, की हा मुलामा सुटू लागतो. म्हणून इंजिनाजवळ जस्ती पाइप जोडणे शहाणपणाचे नाही.

जस्ती पाइपाला वेल्डिंग करताना पांढरा धूर निघतो. तो धूर छातीत गेला तर थंडी वाजून ताप भरतो. वेल्डर भावांनी हे ध्यानात ठेवावे. वेल्डिंगच्या जागेचे जस्त आधी काढावे आणि काम उघड्यावर करावे.

सारांश, इथे जो मुलामा द्यायचा तो उष्णता सोसणारा हवा. असे उपाय मुख्यतः तीन आहेत.

पहिला उपाय : उष्णता सोसणारा रंग

रंगाच्या दुकानात हीटप्रूफ रंग मिळतो. तो काळा किंवा चंदेरी असतो. त्यात सिलिकॉनचा रस असतो. चंदेरी रंगात अॅल्युमिनियमची बारीक पूडही असते. तो किती अंश सोसेल ते डब्यावर छापलेले असते. ते वाचून घ्या. ५०० किंवा ६०० अंश असे लिहिलेले असेल तर तो सायलेन्सरला चालेल. आता आपल्याला वाचता येते. मग दुकानदाराच्या शब्दावर का विसंबायचे?

रंग चांगला असूनही पुष्कळांचा महिन्यात निघतो. कारण खालची तयारी नीट केलेली नसते. सारवण करण्याआधी जमीन खरवडतात ना? तसेच इथे आहे. रीत अशी :

१. नळी पूर्ण गार होऊ द्या. सोडवता आली तर सोडवून घ्या.

२. तारेच्या ब्रशाने सगळा गंज खरवडून काढा. मग पॉलिश पेपरने घासा. चकचकीत लोखंड दिसले पाहिजे. गंजावर लावलेला रंग गंजाबरोबरच निघतो.

३. थिनरने पुसून तेलकटपणा काढा. रॉकेलने पुसू नका. त्याचा ओशटपणा मागे राहतो. थिनर पटकन पेटतो. जवळ विडी, चूल, दिवा नको.

४. पुसल्यावर उघड्या बोटांनी शिवू नका. हाताचा घामही खारटच असतो.

५. रंगाचा पातळ हात द्या. वाळू द्या. मग दुसरा पातळ हात द्या. एकच जाड हात दिला तर तो फुगून सुटतो.

६. आता रंग भाजावा लागतो. मडके कच्चे असते, ते आव्यात भाजले म्हणजे पक्के होते. या रंगाचेही तसेच आहे. नळी जोडून इंजिन थोडा वेळ हळू चालवा. गार होऊ द्या. पुन्हा थोडे जास्त वेळ चालवा. पुन्हा गार होऊ द्या. किती वेळ, ते डब्यावर दिलेले असते. हे काम उघड्यावर करा. भाजताना धूर निघतो, त्याला भिऊ नका.

या रंगाची मर्यादाही सांगितली पाहिजे. तो बाहेरून लागतो. आतून लावता येत नाही. म्हणून आतला गंज तो थांबवू शकत नाही. दुसरे असे की, अगदी इंजिनाला लागून असलेल्या भागावर तो फार दिवस टिकत नाही. वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा लावायची तयारी ठेवावी.

दुसरा उपाय : कारखान्यातला मुलामा

काही नळ्या आणि सायलेन्सर अॅल्युमिनियमचा मुलामा दिलेल्या पत्र्याचे असतात. अॅल्युमिनियम ६६० अंशांवर वितळते. म्हणजे जस्तापेक्षा ते पुष्कळ जास्त ताप सोसते. शिवाय मुलामा पत्र्याच्या दोन्ही बाजूंना असतो. त्यामुळे आतूनही रक्षण होते. साध्या पत्र्याहून हा थोडा महाग, पण जास्त टिकाऊ. मात्र जिथे वेल्डिंग होते तिथला मुलामा जळतो. गंज तिथूनच शिरतो. त्या सांध्यावर हीटप्रूफ रंगाचा हात अवश्य द्यावा.

मोटारसायकलच्या नळीला आरशासारखी चमक असते, ती क्रोमची. खाली निकेलचा थर आणि वर क्रोमचा अगदी पातळ थर असतो. दिसायला तो देखणा. पण त्यात बारीक छिद्रे असतात. चिखल साचला की गंज तिथून आत घुसतो आणि टिपके दिसू लागतात. क्रोम धुऊन, कोरडे पुसून ठेवले तरच ते टिकते.

तिसरा प्रकार सिरॅमिकचा. जुन्या घरांत तामचिनीच्या थाळ्या असायच्या. लोखंडी थाळीवर काचेसारखा मुलामा. ही जात तशीच समजा. हा मुलामा खूप ताप सोसतो आणि गंज येऊ देत नाही. पण तो शहरातल्या खास कारखान्यांतच देतात आणि महाग पडतो. शर्यतीच्या गाड्यांना त्याचा उपयोग. आपल्या ट्रॅक्टरला त्याची गरज नाही.

काही जण नळीला काचेच्या धाग्याची पट्टी गुंडाळतात. साध्या लोखंडाच्या नळीवर ती गुंडाळू नये. पट्टी भिजली की पाणी धरून ठेवते आणि आतल्या आत नळी सडते. वरून काही दिसत नाही.

तिसरा उपाय : स्टेनलेस

स्टेनलेसची भांडी आता घरोघर आहेत. त्यांना गंज का चढत नाही? ते लोखंडच आहे, पण त्यात क्रोमियम नावाचा धातू मिसळलेला असतो. निदान साडेदहा टक्के तरी असावा लागतो. या क्रोमियमचा हवेशी संबंध आला की वर एक अतिशय पातळ साय धरते. ती डोळ्यांना दिसत नाही. पण ती हवेला आणि पाण्याला आत जाऊ देत नाही. ओरखडा पडला तर साय पुन्हा आपोआप धरते. रंगाला हे जमत नाही.

१९१३ साली इंग्लंडमधल्या शेफील्ड शहरात हॅरी ब्रिअर्ली नावाच्या जाणकाराने असे पोलाद तयार केले. तो बंदुकीच्या नळ्या आतून झिजू नयेत म्हणून उपाय शोधत होता. त्यातून हे न गंजणारे पोलाद हाती आले आणि पुढे सुऱ्या-चमचे त्याचे होऊ लागले.

स्टेनलेसच्या जाती असतात. '३०४' या जातीत सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. ती महाग आणि उत्तम. '४०९' या जातीत सुमारे ११ टक्के क्रोमियम असते. ती स्वस्त. पुष्कळ मोटारगाड्यांच्या नळ्या ४०९च्या असतात. तिच्यावर वरवर तांबूस छटा येते, पण ती सहसा आरपार सडत नाही.

"चुंबक चिकटला, म्हणजे हे स्टेनलेस नव्हे," असे पुष्कळ जण म्हणतात. ते पुरते खरे नाही. ३०४ला चुंबक चिकटत नाही, पण ४०९ला चिकटतो. तेव्हा जात कोणती ते दुकानदाराला विचारा आणि बिलावर लिहून घ्या. तापून स्टेनलेस पिवळे, निळे पडते. तो गंज नव्हे. त्याला घाबरू नये.

आपल्याला काय परवडेल?

नुसती किंमत पाहू नका. किंमत भागिले वर्षे, असा हिशेब करा. समजा, साधी नळी १,००० रुपयांना मिळाली आणि ३ वर्षे टिकली. वर्षाला ३३३ रुपये पडले. समजा, स्टेनलेसची नळी २,५०० रुपयांना मिळाली आणि १० वर्षे टिकली. वर्षाला २५० रुपये पडले. म्हणजे महाग दिसली तीच स्वस्त पडली. पण गाडी दोन वर्षांत विकायची असेल तर हा हिशेब उलटा होतो. आकडे आम्ही समजण्यासाठी घेतले आहेत. तुमच्या गावचे भाव घालून तुम्ही हिशेब करा.

आणखी एक सावधगिरी. १ एप्रिल २०२० पासून देशात नव्या गाड्यांना 'बीएस-सहा' नियम लागू झाला. या गाड्यांच्या नळीत धूर स्वच्छ करणारा एक डबा असतो. त्यात फार महागड्या धातूंचा थर असतो. ती नळी कापून साधी नळी बसवू नका. ते नियमाविरुद्ध आहे. आणि जुना डबा भंगारवाल्याला कवडीमोलाने देऊ नका.

गळती जिवावर बेतते

आता सर्वांत महत्त्वाचे. इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. नळीला भोक पडले की तो गाडीच्या आत शिरतो. डोके दुखते, चक्कर येते, मळमळते, गुंगी येते. माणसाला वाटते थकवा आला. तो झोपतो आणि पुन्हा उठत नाही. असे वाटले तर गाडी थांबवा, माणसांना मोकळ्या हवेत न्या आणि दवाखाना गाठा. गाडी नीट झाल्याशिवाय तीत बसू नका.

याच कारणाने विहिरीत उतरवून किंवा बंद खोलीत इंजिन चालवू नये. नळी नवी असली तरी तिथे धूर कोंडतोच. आत कुणी बेशुद्ध पडला, तर त्याच्यामागे लगेच उडी घेऊ नका. नाहीतर एकाचे दोन होतात. आधी इंजिन बंद करा, माणसे बोलवा, मदत मागवा.

दुसरे भय आगीचे. फुटक्या नळीतून ठिणगी उडते. खळ्यावर कडबा, भूस, उसाचे पाचट पडलेले असते. एका ठिणगीने वर्षाची कमाई जळते.

म्हणून नळी तपासत जा. इंजिन गार असताना नळीवर हलके ठोका. मडके घेताना आपण वाजवून पाहतो ना, तसे. खणखणीत आवाज आला तर पत्रा शाबूत आहे. भद्द आवाज आला तर तो आतून सडला आहे. सांध्यावर काजळी दिसली, किंवा फटफट आवाज वाढला, तर तिथे गळती आहे असे समजा आणि फिटरला दाखवा.

एवढे ध्यानात ठेवा

• खत किंवा चिखल लागला तर नळी गार झाल्यावर धुवा आणि कोरडी होऊ द्या. तापलेल्या बिडावर गार पाणी ओतू नका. बीड तडकते.

• आठवड्यातून एकदा गाडी वीस-पंचवीस मिनिटे सलग चालवा. आतले पाणी वाळून जाईल.

• सायलेन्सरच्या तळाला बारीक भोक असेल तर ते बुजवू नका. ते पाणी निघायला ठेवलेले असते. तारेने मोकळे ठेवा.

• ट्रॅक्टरची उभी नळी पावसात उघडी ठेवू नका. झडपेची टोपी बसवा. नाहीतर पाणी थेट इंजिनात उतरते. रिकामा डबा पालथा घालत असाल तर त्याला लाल चिंधी बांधा, म्हणजे चालू करण्याआधी काढायची आठवण राहील.

• गाडीला प्लॅस्टिक घट्ट गुंडाळू नका. आत दमट हवा कोंडते. वर छप्पर असावे आणि बाजूंनी वारा खेळावा.

• दिवाळीआधी, पाऊस सरल्यावर, नळी एकदा घासून हीटप्रूफ रंग द्या.

बैलगाडी होती तेव्हा आपले वडीलधारे वंगण घातल्याशिवाय गाडी जुंपत नसत. चाकाची धाव ढिली झाली तर लोहाराकडे नेत. आता गाडी बदलली, पण निगा चुकली नाही. वेळीच दिलेला एक रंगाचा हात पुढचा मोठा खर्च वाचवतो. कधी तो जीवही वाचवतो.